१३.८ व्होल्टांचा कारभार

हौशी रेडिओच्या गप्पा अँटेनापासून सुरू होतात आणि रिगवर येऊन थांबतात. पॉवर सप्लायचा विषय निघतो तो धूर निघाल्यावर. शंभर वॅटची नवी एचएफ रिग आज लाखाच्या घरात जाते, आणि तिला एका क्षणात संपवू शकणारी वस्तू टेबलाखाली पायाशी धूळ खात असते. म्हणून इथे रिग बाजूला ठेवू आणि फक्त सप्लायचा विचार करू. जुना दुरुस्त करावा का, कितपत सुधारावा, आणि कुठे हात जोडून नवा आणावा?

१३.८ हा आकडा मोटारीतून आला. शिशाच्या बॅटरीत सहा घरं असतात. प्रत्येक घराला २.३ व्होल्ट मिळत राहिले की बॅटरी भरलेली राहते, आणि सहा घरांचे होतात १३.८. १९७०च्या दशकात पूर्ण ट्रान्झिस्टरच्या रिग आल्या. त्या गाडीतही चालाव्यात अशा बेतल्या होत्या, त्यामुळे घरातल्या सप्लायलाही गाडीच्या बॅटरीची नक्कल करावी लागली. आयकॉम आयसी-७३०० चं माहितीपत्रक पाहिलं तर १३.८ व्होल्ट, १५ टक्के कमी-जास्त चालेल, असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे ११.७ पासून जवळपास १५.९ पर्यंत. प्रवाह रिसीव्हवर जेमतेम एक अँपिअर आणि ट्रान्समिटवर २१. एसएसबीवर बोलताना प्रत्येक अक्षरागणिक ही मागणी वर-खाली उड्या मारते. घरातलं दुसरं कुठलंही उपकरण सप्लायला इतकं छळत नाही.

त्याआधीचा काळ नळ्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी भंगारात निघालेले कमांड सेट, बीसी-३४८ रिसीव्हर हॅम मंडळींच्या हाती लागले. विमानातले हे सेट २८ व्होल्टांवर चालत, आणि आत डायनामोटर नावाची मोटर-जनरेटरची जोडगोळी गरगरत राहून नळ्यांना लागणारं वरचं व्होल्टेज तयार करी. ती काढून तिच्या जागी मेन्सवरचा सप्लाय बसवणं हे कित्येकांच्या आयुष्यातलं पहिलं ‘मॉडिफिकेशन’ होतं. नंतर हीथकिटचा एचपी-२३ आला, कॉलिन्सचा ५१६एफ-२ आला. दोन्ही आजही चालू स्थितीत सापडतात आणि दोघांच्या दुरुस्तीची रीत निरनिराळी आहे.

एचपी-२३ मध्ये सिलिकॉन डायोडचं व्होल्टेज डबलर आहे. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आता पन्नाशी ओलांडलेले आहेत. असा कपॅसिटर वर्षानुवर्षं पडून राहिला की आतला ऑक्साइडचा थर विरघळत जातो आणि एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर तो फुटतो. व्हेरिअ‍ॅकने हळूहळू चढवत, वाटेत रेझिस्टर ठेवून थर पुन्हा जमवता येतो. पण हे वर्षा-दोन वर्षांत न वापरलेल्या मालासाठी ठीक. पन्नास वर्षांच्या कपॅसिटरला आत सुकलेलं इलेक्ट्रोलाइट परत देता येत नाही, तो बदलावाच. ५१६एफ-२ मध्ये ५आर४ आणि ५यू४ या रेक्टिफायर नळ्या आहेत, त्यामुळे तिथे व्हेरिअ‍ॅकची युक्ती नीट चालत नाही. कमी व्होल्टेजला फिलामेंट तापतच नाही आणि नळी वहनच करत नाही. कपॅसिटरला बाहेरून वेगळा डीसी द्यावा लागतो. अनेक जण नळ्या काढून डायोड बसवतात. उष्णता कमी होते हे खरं, पण नळीत खाल्लं जाणारं व्होल्टेज आता कपॅसिटरवर येतं, तेही चालू केल्याक्षणी, रिगच्या नळ्या तापण्याआधी. डायोड बसवायचेच असतील तर सोबत रेझिस्टर आणि जास्त व्होल्टेजचे कपॅसिटर हवेतच. अर्धी सुधारणा मूळ रचनेपेक्षा वाईट ठरते.

हीथकिटच्या एसबी-२२० या लिनिअर अ‍ॅम्प्लिफायरचं उदाहरण तर शिकवण्यासारखं आहे. एसएसबीवर सुमारे ३,००० व्होल्ट देण्यासाठी त्यात २०० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे आठ कपॅसिटर एकामागोमाग जोडलेले आहेत, आणि प्रत्येकावर ३० किलोओहमचा ब्लीडर, म्हणजे बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर. हे ब्लीडर इतके तापतात की कपॅसिटर सुकवण्याचं निम्मं काम तेच करतात. म्हणून नव्या कपॅसिटरसोबत १०० किलोओहमचे मेटल फिल्म ब्लीडर बसवतात आणि सगळी बँकच थंड राहते. भारतातल्या जनरल ग्रेडच्या परवान्याची मर्यादा ४०० वॅट आहे, तेव्हा तो अ‍ॅम्प्लिफायर पुरा वाजवण्याचा प्रश्न इथे येत नाही. पण ब्लीडरचा मुद्दा कुठल्याही नळीवाल्या सप्लायला लागू आहे. ब्लीडर तुटलेला असेल तर बंद केलेला, प्लग काढलेला सप्लायही माणूस मारू शकतो. झाकण उघडल्यावर पहिलं काम, लांब इन्सुलेटेड दांडीला रेझिस्टर बांधून प्रत्येक कपॅसिटर रिकामा करणं. दुसरं काम, मीटरने तो खरंच रिकामा झाला का ते पाहणं. एक हात खिशात ठेवावा हा जुन्यांचा सल्ला आजही तितकाच शहाणपणाचा आहे.

अमेरिकेतून आलेल्या मालाला इथे आणखी एक अडचण येते, आणि ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. २३० चे ११७ करणारा स्टेपडाऊन लावला की काम झालं असं वाटतं. पण तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडात ५० हर्ट्झवर वीस टक्के जास्त चुंबकीय प्रवाह जातो. तो घुमतो, तापतो, आणि एखाद्या मे महिन्यात त्याचं वार्निश वितळून वास येऊ लागतो. पाटीवर ‘५०/६०’ लिहिलेलं असेल तर निश्चिंत राहा. नुसतं ‘६०’ असेल तर स्टेपडाऊनला १००-१०५ व्होल्टचा टॅप घ्या आणि फिलामेंटचं व्होल्टेज फार खाली जात नाही ना, ते पाहा.

आता मुख्य प्रवाहाकडे, म्हणजे लिनिअर सप्लायकडे. मोठा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, डब्याएवढे कपॅसिटर, मागे हीट सिंकवर टीओ-३ आकाराचे २एन३०५५ किंवा त्याचे थोरले भाऊ, आणि मेंदू म्हणून ७२३ हे आयसी. अमेरिकेतल्या अ‍ॅस्ट्रॉन कंपनीचा आरएस-३५ या घराण्याचा नमुना मानता येईल. त्यावर ३५ लिहिलेलं असलं तरी सतत २५ अँपिअर देण्यासाठी तो आहे. आपल्याकडे याच धर्तीवर हाताने बांधलेले सप्लाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास सगळा माल मिळतो, आणि ट्रान्सफॉर्मर मापाप्रमाणे गुंडाळून देणारेही भेटतात.

या सप्लायचा हिशेब एकदा मांडला की दुरुस्तीची निम्मी वाट दिसते. कपॅसिटरवर भाराखाली २० व्होल्ट, बाहेर १३.८. मधले ६.२ व्होल्ट, वीस अँपिअरने गुणले तर १२४ वॅट उष्णता. चार ट्रान्झिस्टर असतील तर प्रत्येकाला ३१. लाइन दहा टक्के वाढली, जे गावाकडे रात्री पंप बंद झाल्यावर सहज होतं, की हाच आकडा १६४ वर जातो आणि प्रत्येकाला ४१ येतात. २एन३०५५ कागदावर ११५ वॅटचा आहे, पण तो आकडा त्याचं कवच २५ अंशांवर असताना. आपल्या उन्हाळ्यात कवच २५ अंशांवर फक्त फ्रीजमध्ये राहील. त्यातून बाजारात मिळणाऱ्या बनावट २एन३०५५ मध्ये आतली चकती नखाएवढीही नसते. स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला ट्रान्झिस्टर एक मेला की बाकीच्यांना घेऊन जातो.

उलट लाइन पडली तर दुसरं दुखणं. वीस अँपिअरला ५०,००० मायक्रोफॅरडवर दोन लहरींच्या मधल्या दहा मिलिसेकंदांत व्होल्टेज साधारण ४ व्होल्ट खाली येतं. ६० हर्ट्झच्या देशात तेच ३.३ असतं. तिकडे जेमतेम पुरणारा सप्लाय इकडे तळाला टेकतो, रेग्युलेटरच्या हातून सुटतो, आणि समोरचा म्हणतो, तुमच्या सिग्नलवर घरघर आहे. अशा वेळी ७२३ बदलत बसू नये. कपॅसिटर वाढवावेत किंवा बदलावेत. कपॅसिटर सुकला की नुसत्या मीटरवर तो चांगला दिसू शकतो, म्हणून ईएसआर मीटर घ्यावा. आता तो फार महाग राहिलेला नाही.

लिनिअर सप्लायचे आजार मोजकेच आहेत. चालू केल्याबरोबर फ्यूज जातो, तर ब्रिज किंवा क्रोबार (त्याच्याबद्दल पुढे). व्होल्टेज येतं पण भाराखाली कोसळतं, तर कपॅसिटर, सैल लग, किंवा ब्रिजचा एक पाय तुटलेला. एकच ट्रान्झिस्टर चटका देतोय आणि बाकीचे थंड, तर एमिटरमधले छोटे रेझिस्टर तपासा. ०.१ ओहमच्या रेझिस्टरवर पाच अँपिअरला अर्धा व्होल्ट दिसला पाहिजे, चारही ठिकाणी जवळपास सारखा. जिथे शून्य, तो कामचुकार. त्याचा भार शेजारी वाहतायत. ब्रिजकडे सहसा कोणी पाहत नाही, पण त्यातले दोन डायोड मिळून दोन व्होल्ट खातात, म्हणजे वीस अँपिअरला ४० वॅट. ३५ अँपिअरचा ब्रिज हीट सिंकशिवाय नुसता पत्र्याला टांगलेला असेल तर तो कधीतरी जाणारच. ५० अँपिअरचा घ्या, खाली पेस्ट लावा, घट्ट आवळा.

आणि व्होल्टेज वाढलं तर? इथे लेखाचा गाभा आहे. पास ट्रान्झिस्टर मेला की बहुधा शॉर्ट होऊन मरतो, आणि कपॅसिटरवरचे २०-२२ व्होल्ट थेट रिगला पोचतात. सेन्सची तार सैल झाली तरी तेच. व्होल्टेज लावायच्या प्रीसेटचा सरकता संपर्क गंजला तरी तेच. म्हणून क्रोबार. १५-१६ व्होल्टांना पेटणारा झेनर, त्यामागे दणकट थायरिस्टर. व्होल्टेज वाढलं की तो आउटपुट सरळ शॉर्ट करतो आणि फ्यूज उडवतो. फ्यूज योग्य जागी आणि योग्य मापाचा असेल तरच याला अर्थ आहे. फ्यूजऐवजी तारेचा तुकडा पिळलेला असेल तर थायरिस्टर जळून उघडा पडेल आणि रिग मागोमाग जाईल. जुन्या हातबांधणीच्या सप्लायमध्ये क्रोबार अनेकदा नसतोच. मीटरचा रंगीत बल्ब, डिजिटल डिस्प्ले, यूएसबीचं भोक, या सगळ्या सुधारणा त्याच्या नंतरच्या. प्रीसेटही अशा जागी घ्यावा की संपर्क सुटला तर व्होल्टेज खाली पडावं, वर जाऊ नये. ही रेझिस्टरची नुसती अदलाबदल आहे, पण ती करून ठेवणारे थोडे.

नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायचा असेल तर सतत २० अँपिअरसाठी ६०० व्हीएच्या आसपासचा मागा. नुसत्या एसएसबीसाठी ४००-५०० व्हीए भागतो; एफटी-८ सारखे डिजिटल मोड वापरणार असाल तर कंजूषपणा करू नका, कारण तिथे ट्रान्समिटर पंधरा सेकंदांच्या फेरीत जवळजवळ तेरा सेकंद पूर्ण ताकदीने चालतो. तार तांब्याची आहे का हे विचारा आणि वजनही बघा. अ‍ॅल्युमिनियमचा माल हातात घेतल्याबरोबर हलका लागतो. हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्ससारख्या, काही वॅटच्या घरगुती सेटला मात्र एवढ्या लोखंडाची गरज नाही. तिथे तीन अँपिअरचा साधा लिनिअर सप्लाय पुरतो आणि नवशिक्याने तो विकत न घेता स्वतः बांधावा असं मला ठामपणे वाटतं.

एसएमपीएसची गोष्ट वेगळी. तो हलका, थंड, लाइन १८० असो वा २५० असो, फरक पडत नाही. आपल्या विजेला हा गुण सोन्यासारखा. पण आत मेन्स सरळ डीसी होऊन ३२५ व्होल्ट कपॅसिटरवर बसलेला असतो आणि पुढचा निम्मा सर्किट बोर्ड जिवंत असतो. सिरीज बोर्डवर शंभर वॅटचा साधा बल्ब लावल्याशिवाय दुरुस्त केलेला एसएमपीएस थेट मेन्सला जोडू नये. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर पुढे जा, भकभकीत पेटून राहिला तर पुढच्या भागात शॉर्ट आहे. ऑसिलोस्कोपची जमीन प्रायमरीला लावण्याआधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा. तो नसेल तर स्कोप दूर ठेवा.

नेहमीचे बिघाड मात्र घरीही निघतात. आतून ‘टिक टिक’ येतंय आणि आउटपुट नाही, तर कंट्रोल आयसीला जेवण पुरवणारा छोटासा कपॅसिटर सुकलेला असण्याची शक्यता मोठी. यूसी३८४२ वाल्या सप्लायमध्ये तर पहिल्यांदा तिकडेच बघावं. आउटपुटचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले की सगळे एकदम बदला, १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे. तापमान दहा अंशांनी उतरलं की कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, म्हणून पंखा साफ करणं हीदेखील दुरुस्तीच आहे. पण मॉस्फेट, ड्रायव्हर, कंट्रोलर असं सगळं एकत्र उडालं असेल तर माझा सल्ला निरोप देण्याचा. त्या किमतीत आणि त्या धोक्यात नवा येतो.

एसएमपीएसवर खरी तक्रार आवाजाची. स्वस्त सप्लाय उघडला तर लाइन फिल्टरच्या चोकची जागा छापलेली दिसते आणि तिथे नुसती तार टाकलेली असते. मग ४० मीटरवर दर पन्नास-साठ किलोहर्ट्झला एक जाडसर, हलकेच सरकणारी गुणगुण ऐकू येते. रिगला वॉटरफॉल असेल तर ती उभ्या पट्ट्यांसारखी दिसते. भार बदलला की पट्ट्या सरकल्या, तर चोर सापडला. अ‍ॅलिंकोच्या डीएम-३३०एमव्ही मध्ये ही गुणगुण बाजूला सरकवण्याचं बटणच दिलंय. तो प्रामाणिक उपाय आहे, पण औषध नव्हे. औषध म्हणजे जिथे तार टाकलीय तिथे चोक बसवणं, आणि मेन्सच्या व डीसीच्या दोन्ही तारांचे दहा-बारा वेढे मिक्स ३१ च्या मोठ्या फेराइट कड्यावर घेणं. कडं मिळत नसेल तर जुन्या टीव्हीतले लाइन फिल्टर चोक भंगारातून काढून आणा, प्रायमरीला छान चालतात. एक गोष्ट मात्र पाळा: लाइन आणि जमिनीमधले कपॅसिटर वाय दर्जाचेच हवेत. तिथे साधा सिरॅमिक लावणं म्हणजे कवचावर करंट आणण्याची तयारी.

हेच वाय कपॅसिटर आणखी एक गंमत करतात. अर्थिंग नसलेल्या खोलीत एसएमपीएसच्या धातूच्या कवचावर मेन्सच्या निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टांच्या आसपास, तरंगत राहतं. प्रवाह नगण्य असतो, पण माइक ओठाला लागला की झिणझिणी येते आणि रिगच्या यूएसबी पोर्टला ती कधी कधी महागात पडते. तिसरी पिन कापलेली कॉर्ड वापरणारे आपल्याकडे अजून भेटतात. सप्लाय सुधारण्याआधी घराचं अर्थिंग सुधारावं.

कॉम्प्युटरचा जुना एटीएक्स सप्लाय किंवा सर्व्हरमधला १२ व्होल्ट, ४०-५० अँपिअरचा डबा वापरण्याची हौस सगळ्यांनाच होते. एटीएक्समध्ये हिरवी तार काळीला जोडली की तो चालू होतो, पण १२ व्होल्टचे १३.८ करायला फीडबॅक बदलावा लागतो, ओव्हरव्होल्टेजची मर्यादा वर न्यावी लागते, १६ व्होल्टचे कपॅसिटर काढून २५ चे घालावे लागतात. एवढं करून हाती काय येतं, तर बऱ्याचदा दहा-बारा अँपिअर आणि भरपूर आवाज. शिकण्यासाठी उत्तम, शॅकसाठी मी घेणार नाही. सर्व्हरचा डबा जास्त लायक आहे. त्याचा करंट खरा असतो आणि फिल्टरही चांगला असतो. पंखा मात्र विमानासारखा किंचाळतो.

मग तारा. दोन मीटर लांबीची २.५ चौरस मिलिमीटरची जोडी वीस अँपिअरला ०.६ व्होल्ट खाते, ६ ची जोडी पाव व्होल्ट. सप्लायच्या टोकाला १३.८ आणि रिगच्या टोकाला १२.९ दिसत असेल तर दुरुस्ती तारेची आणि कनेक्टरची करायची. मोजताना भार खरा हवा. गॅरेजमधून मोटारीच्या हेडलाइटचे ६०/५५ वॅटचे बल्ब आणा. १३.८ व्होल्टला एकेक फिलामेंट पाचेक अँपिअर घेतं, त्यामुळे चार बल्बांत वीस होतात. थंड बल्ब सुरुवातीला कितीतरी जास्त ओढतो, म्हणून ते एकेक करून लावा. ट्रान्समिट करताना सप्लायचं व्होल्टेज स्वतःहून नाचत असेल, पण बल्बांवर स्थिर असेल, तर रेडिओलहरी रेग्युलेटरमध्ये शिरतायत. आउटपुटच्या टर्मिनलवर आखूड पायांचे ०.०१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक लावा.

भारनियमनाच्या गावात प्रश्न इन्व्हर्टरचा येतो. चौकोनी लहरींचा इन्व्हर्टर २३० दाखवत असला तरी त्याचं शिखर साइन लहरीच्या ३२५ व्होल्टपर्यंत पोचत नाही, आणि लिनिअर सप्लाय तर शिखरावरच जगतो. तो घुमतो आणि भाराखाली कोसळतो. त्यापेक्षा बॅटरीच सरळ रिगला द्यावी. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलची बॅटरी १२.८ व्होल्टांची, चार्ज पूर्ण झाल्यावर १४.६ पर्यंत जाणारी, आणि शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहणारी. रिगच्या मर्यादेत ती इतकी चपखल बसते की पुढच्या काही वर्षांत अनेकांचा ‘पॉवर सप्लाय’ म्हणजे बॅटरी आणि एक छोटा चार्जर एवढाच उरेल असा माझा अंदाज आहे. २६ डिसेंबर २००४ ला सुनामी आली तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये भारतीय हॅमचा चमू योगायोगाने रेडिओ लावून बसला होता आणि तोच बाहेरच्या जगाशी दुवा ठरला. अशा दिवशी मेन्सवरच्या सप्लायचा काही उपयोग नसतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हला मात्र, टर्मिनलपासून वीतभर अंतरात, फ्यूज हवाच. शॉर्ट झाल्यास ती शेकडो अँपिअर ओतते.

तेव्हा जुना हॅम आवराआवर करताना तांब्याच्या ट्रान्सफॉर्मरचा लिनिअर सप्लाय भंगारात काढत असेल तर तो उचला, कपॅसिटर आणि ब्रिज बदला आणि निदान वीस वर्षं वापरा. फक्त रिग जोडण्यापूर्वी क्रोबार बसवा, आणि व्होल्टेज मुद्दाम वाढवून तो खरंच पेटतो का हे एकदा बघून घ्या.